जंताचं औषध दिलं, तरी शेळ्या का खंगतात?

निफाडकडच्या एका तरुण शेळीपालकाने विचारलंय, ते थोडक्यात असं. गाव गोदावरीच्या फुगवट्यालगत, वीसेक शेळ्या. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं की काठावर हिरवंगार गवत येतं, तिथे चारायला नेतो. दर तीन महिन्यांनी दुकानातून आणलेलं जंताचं औषध सगळ्या कळपाला पाजतो. तरी काही शेळ्या वाळत चालल्यात, दोघींच्या जबड्याखाली पाणी उतरलंय, करडांच्या लेंड्यांत भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसतात. एक शेळी मेली, ती फाडून पाहिली तर कलेजीत पानासारखे चपटे किडे निघाले. लेंडी तपासली होती, रिपोर्ट 'काही नाही' असा आला. दुकानदार म्हणतो, कंपनी बदला. तर हे किडे आहेत तरी काय, औषध का लागू पडत नाही, आणि यातून घरच्या माणसांना काही होईल का?

कंपनी बदलून फारसं काही होणार नाही. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात मला एक नाही, बहुधा तीन निरनिराळे प्राणी दिसतात: कलेजीतला पर्णकृमी, करडांच्या आतड्यातला पट्टकृमी, आणि न दिसलेला पण तुमच्या भागात हमखास असणारा चौथ्या पोटातला गोलकृमी. तिघांना आपण जंत म्हणतो आणि तिघांवर एकच बाटली ओततो. यातला गोलकृमी तर पहिल्या दोघांचा लांबचाही नातेवाईक म्हणवत नाही. तो वाढताना कात टाकतो आणि जनुकीय अभ्यासात त्याची जागा कीटकांच्या बाजूला लागते. पर्णकृमी वंशावळीत गोगलगाय आणि गांडुळाच्या जवळ पडतो. एवढं अंतर असलेल्या प्राण्यांना एकच औषध सारखंच लागेल, ही अपेक्षा मुळात चुकीची आहे. म्हणून आधी ही शरीरं समजून घेऊ, औषधाचं मग आपोआप उलगडेल.

चपट्या कृमीपासून सुरुवात करतो. पर्णकृमी आणि पट्टकृमी दोघेही याच गटातले. या गटाला रक्त नाही, हृदय नाही, फुप्फुस नाही, कल्लेही नाहीत. आतडं आणि कातडी यांच्यामध्ये आपल्यासारखी पोकळी नाही. सगळी जागा पेशींच्या मऊ भरावाने गच्च भरलेली. मग आतल्या पेशीला ऑक्सिजन आणि अन्न पोचवायचं कोणी? ते झिरपत जातं, आणि झिरपणं फक्त थोड्या अंतरापर्यंतच जमतं. जाड थालीपीठ मधे कच्चं राहतं आणि पापड क्षणात आरपार भाजतो, तसं. चपटं राहणं ही या प्राण्याची गरज आहे. शरीरात साठणारं जादा पाणी आणि टाकाऊ द्रव्य बाहेर काढायला त्याच्याकडे ज्वालापेशी असतात: पेशीच्या पोकळीत बारीक केसांचा झुबका सतत हलत राहतो आणि पाणी नळीत ढकलतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो झुबका ज्योत फडफडावी तसा दिसतो, म्हणून हे नाव.

पर्णकृमीला तोंड आहे, गुदद्वार नाही. आतड्याला फांद्या फुटून त्या अंगभर पसरलेल्या असतात, म्हणजे अन्न वाटायचं काम आतडंच करतं. जे पचलं नाही ते आलं त्याच तोंडातून बाहेर. तोंडाभोवती एक चूषक, म्हणजे चिकटून धरणारी वाटी, आणि पोटाकडे दुसरा. या दोघांच्या जोरावर तो पित्तनलिकेत चिकटून बसतो आणि रक्त व ऊती खातो. आपल्याकडे गुराढोरांत मुख्यतः फॅसिओला जायगँटिका ही जात सापडते, ती अडीच ते साडेसात सेंटिमीटरपर्यंत वाढते. एकाच किड्यात नर आणि मादी दोन्हींची इंद्रियं असतात, आणि रोज हजारो अंडी पडतात.

पट्टकृमीने तर तोंड आणि आतडंही टाकून दिलंय. करडांच्या आतड्यात, पचलेल्या अन्नाच्या प्रवाहात तो लोंबकळत राहतो आणि अंगाच्या पृष्ठभागातूनच सगळं शोषतो. त्या पृष्ठभागावर सूक्ष्म केसांसारखे उंचवटे असतात, त्याने शोषायची जागा कितीतरी वाढते. डोकं आतड्याला धरून, मानेमागून नवे नवे खंड तयार होत पुढे सरकतात. शेवटचे खंड म्हणजे अंड्यांनी भरलेल्या पिशव्या, त्या तुटून लेंडीबरोबर पडतात. तुम्ही पाहिलेली शितं ती हीच. शेळ्या-मेंढ्यांतला हा मोनिझिया बरेच मीटर लांब होतो, त्यामुळे लोक घाबरतात. माझ्या मते तिघांत हाच सर्वांत कमी त्रासदायक. करडू बाकी ठणठणीत असेल तर त्याच्या वाळण्याचं खापर पट्टकृमीवर फोडू नका, तो दिसतो म्हणून बदनाम होतो.

न दिसणारा गोलकृमी मात्र शेळ्या मारतो. याचं नाव हिमोंकस. चौथ्या पोटात, म्हणजे खऱ्या जठरात राहतो, जाडीला दोऱ्याएवढा, लांबीला दोन-तीन सेंटिमीटर. मादीचं रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि त्याला वेढे घातलेली पांढरी अंडनलिका यामुळे ती लाल-पांढऱ्या पिळासारखी दिसते. याची ठेवणच वेगळी: तोंडापासून गुदद्वारापर्यंत सरळ नळी, बाहेर चिवट आवरण, आणि मधल्या पोकळीत दाबाखाली भरलेला द्रव. स्नायू फक्त लांबीच्या दिशेने, आडवे नाहीतच, म्हणून गांडुळासारखा आकसून-पसरून पुढे जात नाही, इंग्रजी एससारखा वळवळत राहतो. नर-मादी वेगळे. आयुष्यात चार वेळा कात टाकतो. एक किडा दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त संपवतो असं पाठ्यपुस्तकांत धरतात. हजार किडे असले तर रोज पन्नास मिलिलिटर. बारा-पंधरा किलोच्या करडाच्या अंगात रक्तच जेमतेम लिटरभर असतं, आता हिशोब करा.

जबड्याखाली पाणी का उतरतं, तेही यातच आलं. रक्तातलं प्रथिन कमी झालं की पाणी नसांमधून बाहेर पाझरतं, आणि दिवसभर मान खाली घालून चरणाऱ्या जनावराच्या जबड्याखाली साठतं. प्रथिन हिमोंकसने रक्त प्यायल्यामुळे कमी होतं, तसंच पर्णकृमीने यकृत पोखरल्यामुळेही होतं. म्हणून नुसत्या सुजेवरून मी कधीच निदान करत नाही. खालची पापणी ओढून आतला रंग बघा: लालसर असेल तर ठीक, फिका गुलाबी तर सावध, पांढरा असेल तर आजच डॉक्टर. पण फिकट पापणीही दोन्हींत सापडते, एवढं लक्षात असू द्या.

आता हे शेळीत शिरतात कुठून? तिघांचे तीन रस्ते, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या प्रकरणातला हाच कामाचा भाग.

हिमोंकसला मधला यजमान, म्हणजे मधे वाढायला दुसरा प्राणी, लागत नाही. अंडं लेंडीत पडतं, उबदार ओलाव्यात आठवडाभरात त्यातून तिसऱ्या अवस्थेची अळी तयार होते आणि दवाच्या थेंबातून गवतावर चढते. शेळीने गवत खाल्लं की साधारण तीन आठवड्यांत नवी अंडी सुरू. म्हणजे याला पावसाळा पुरतो, तळं-नदी लागत नाही. सिन्नरच्या कोरड्या माळावरही आषाढ-श्रावणात हा जोरात असतो.

पट्टकृमीचं अंडं गवताच्या मुळाशी राहणारा, टाचणीच्या टोकाएवढा माइट खातो, आणि गवताबरोबर तो माइट करडाच्या पोटात जातो. यावर तुम्ही काही करू शकत नाही, सोडून द्या.

पर्णकृमीचा रस्ता सगळ्यांत लांबचा. अंडं पाण्यातच उघडतं, त्यालाही दोन-तीन आठवडे लागतात. बाहेर आलेल्या पोहणाऱ्या अळीकडे जेमतेम एक दिवस असतो. तेवढ्यात ठरावीक जातीची पाणगोगलगाय सापडली नाही तर ती मरते. गोगलगायीत शिरल्यावर मात्र ती पिढ्यांवर पिढ्या काढते, आणि एका अळीपासून शेकडो शेपटीवाल्या अळ्या बाहेर पडतात. त्या पाण्याकाठच्या गवताला चिकटतात, शेपूट टाकतात, स्वतःभोवती कवच करून बसतात. ओलावा असेल तर महिनोन्‌महिने जिवंत. शेळीच्या पोटात गेल्यावर कवच फोडून, आतड्याची भिंत भेदून, पोटाच्या पोकळीतून यकृतापर्यंत चालत जातात, आणि सहा-सात आठवडे यकृताच्या मांसात बोगदे पाडत फिरतात. त्यानंतर पित्तनलिका गाठून मोठ्या होतात. जायगँटिकाच्या बाबतीत गवत खाल्ल्यापासून पहिलं अंडं शेणात दिसेपर्यंत तीन ते चार महिने जातात.

आता तुमचं वेळापत्रक यावर ठेवून बघा. पावसाळ्यात काठ पाण्याखाली, गोगलगायी भरपूर. दिवाळीनंतर पाणी मागे सरकतं तसं अळ्या चिकटलेलं गवत उघडं पडतं, आणि आजूबाजूचं रान वाळलेलं असल्यामुळे जनावरं नेमकी तिथेच जातात. आपल्याकडे नदी-धरणांच्या उतरत्या काठावर हे होतंच. सिन्नरच्या माळावरच्या शेळ्यांत मला पर्णकृमी क्वचित दिसतो, जिथे पाट किंवा पाझर तलाव आहे तिथेच. इगतपुरीच्या भातखाचरांकडे, डांगी गुरांत, तो वर्षभराचा पाहुणा. तुमचं गाव या दोहोंच्या मधे नाही, सरळ इगतपुरीच्या बाजूला धरायचं.

तपासणीत 'काही नाही' का आलं, याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे पद्धत. नेहमीच्या तपासणीत लेंडी मिठाच्या दाट पाण्यात कालवून अंडी वर तरंगू देतात. गोलकृमीची आणि पट्टकृमीची हलकी अंडी वर येतात. पर्णकृमीचं अंडं जड, ते तळाशी बसतं. त्यासाठी गाळ बसवून तळ तपासायची वेगळी पद्धत आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात नमुना देताना स्पष्ट सांगा: "काठावर चरतात, पर्णकृमीसाठी गाळाची तपासणी करा." दुसरं कारण वय. किडे अजून लहान असतील, यकृताच्या मांसात फिरत असतील, तर अंडीच नाहीत, कुठल्याच पद्धतीने काही सापडणार नाही. म्हणून मला तुमच्याकडून एक माहिती हवी आहे: मेलेल्या शेळीच्या कलेजीत किडे किती मोठे होते आणि कुठे होते? बोटाएवढे, जाड झालेल्या नळ्यांमध्ये असतील तर ते जुने, पूर्ण वाढलेले. काही मिलिमीटरचे, मांसात, लालसर रेघांच्या टोकाला असतील तर ते कोवळे, आणि उरलेल्या कळपातही तेच चालू आहे असं धरायला हवं.

औषधाचं उत्तर इथून सरळ निघतं. आयव्हरमेक्टिन गोलकृमीच्या नसा-स्नायूंमधल्या एका विशिष्ट दारावर काम करतं; चपट्या कृमीत ते दार औषधाला लागेल अशा रूपात नाही, म्हणून पर्णकृमी आणि पट्टकृमी दोघांनाही त्याचा उपयोग शून्य. लेव्हामिसोल गोलकृमीला लुळा करून सोडतं, चपट्याला नाही. अल्बेंडाझोल तिन्ही गटांवर चालतं असं बाटलीवर लिहिलेलं असतं, ते खोटं नाही, पण पर्णकृमीसाठी मात्रा वाढवावी लागते आणि तरीही फक्त पूर्ण वाढलेले किडे मरतात, यकृतात फिरणारी पिल्लं वाचतात. ऑक्सिक्लोझानाइडही मोठ्यांवरच. कोवळ्या पर्णकृमीवर खात्रीने चालणारं औषध म्हणजे ट्रायक्लाबेंडाझोल. क्लोसँटेल रक्तातल्या प्रथिनाला चिकटून फिरतं, त्यामुळे जो रक्त पितो त्याच्या पोटात जातं: हिमोंकस आणि पर्णकृमी दोघेही त्यात सापडतात, पट्टकृमी सुटतो. मात्र क्लोसँटेलची मात्रा चुकून जास्त झाली तर शेळी आंधळी होते, म्हणून ते अंदाजाने, हाताने वजन तोलून द्यायचं औषध नाही.

मी मुद्दाम मिलिलिटर लिहीत नाही. एकाच नावाच्या बाटल्यांत औषधाचं प्रमाण वेगवेगळं असतं, आणि तुमच्या शेळ्यांची वजनं मी पाहिलेली नाहीत. गाभण शेळीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल देऊ नका, एवढं सर्वांना लागू आहे.

दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला पाजायची सवय मात्र मोडा. हिमोंकसमध्ये अल्बेंडाझोलच्या घराण्याला दाद न देणारे किडे भारतात बऱ्याच ठिकाणी सापडलेत, आणि ते असेच तयार होतात: सगळ्या शेळ्यांना एकदम दिलं की औषध सोसणारे तेवढे उरतात आणि पुढची सगळी अंडी त्यांचीच. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी पापण्या बघा आणि फिकट दिसणाऱ्यांनाच द्या. पर्णकृमीचं उलट आहे. तिथे सगळा कळप एकाच काठावर चरलाय, तेव्हा निदान पक्कं झालं की सगळ्यांनाच, आणि वेळ साधून: काठावर चराई सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांनी कोवळ्यांवर चालणारं औषध, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोठ्यांसाठी पुन्हा एकदा, म्हणजे पावसाळ्यात अंडी पाण्यात जात नाहीत. तारखा तुमचे डॉक्टर ठरवतील, पाणी कधी उतरतं ते दरवर्षी सारखं नसतं.

गोगलगायींचं काय, असा पुढचा प्रश्न येईलच. काठावरची एक गोगलगाय उचला, टोक वर आणि तोंड स्वतःकडे धरा. कवच पातळ, शेवटचा वेटोळा फुगीर आणि तोंड उजव्या हाताला असेल तर ती लिम्निया कुळातली, पर्णकृमीची. चकतीसारखी सपाट गुंडाळलेली असेल तर ती दुसरी. तिच्यात पोटातल्या आणि रक्तवाहिन्यांतल्या चपट्या कृमींच्या अळ्या वाढतात, त्या वेगळ्या दुखण्याच्या. कोणी मोरचूद टाकायला सांगेल. टाकू नका. मोरचुदाने मासे मरतात, आणि तुमच्या शेजारी नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. त्यापेक्षा पाण्याच्या कडेपासून पन्नासएक पावलांची पट्टी चराईतून वगळा, पाणी हौदात पाजा, आणि त्या पट्टीतलं गवत हवंच असेल तर कापून कडक उन्हात पूर्ण वाळवून मगच घाला. बदकं पाळत असाल तर ती गोगलगायी आवडीने खातात, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

आता माणसांचं. कलेजीतला पर्णकृमी शिजवलेली कलेजी खाल्ल्याने होत नाही. माणसाला तो झाला तर शेळीसारखाच, अळ्या चिकटलेली पाणवनस्पती कच्ची खाल्ल्याने होतो, म्हणून काठावरची भाजी धुऊन, शिजवून खा. करडांतला मोनिझिया माणसात येत नाही. चपटे कृमी माणसाला सोडतात असं मात्र नाही: १९५२ साली आपल्याच राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात, लघवीतून रक्त जाणाऱ्या माणसांत रक्तवाहिनीत राहणारा चपटा कृमी नोंदवला गेला होता. गुरांतल्या त्याच कुळाच्या अळ्या भातखाचरात उतरलेल्यांच्या पायांत शिरायचा प्रयत्न करतात आणि खाज उठवून तिथेच मरतात. इगतपुरीकडे आवणीच्या दिवसांत अशी खाज सुटते तेव्हा हेही एक कारण असू शकतं.

तुमच्या घराला खरी भीती वेगळ्याच चपट्या किड्याची आहे, आणि तुम्ही तो विचारलाच नाही. मेलेली शेळी फाडल्यावर ती कलेजी आणि फुप्फुसं कुठे गेली? राखणीच्या कुत्र्याला टाकली असतील तर पुढचं वाचा. शेळी-मेंढीच्या यकृतात किंवा फुप्फुसात कधीकधी पाण्याने भरलेले पांढरट फुगे असतात. ते एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीचे. कुत्र्याने ते कच्चे खाल्ले की त्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे हजारो पट्टकृमी वाढतात, कुत्रा दिसायला धडधाकट राहतो, आणि त्याच्या विष्ठेतली अंडी अंगाला, हाताला, भाजीला लागून माणसाच्या पोटात जातात. मग तेच फुगे माणसाच्या यकृतात वाढतात, वर्षानुवर्षं कळत नाहीत, आणि बऱ्याचदा ऑपरेशनवर जातं. कुत्र्यातला आणखी एक पट्टकृमी शेळीच्या मेंदूत असाच फुगा करतो. शेळी एकाच बाजूला गोल गोल फिरायला लागते, ती त्यामुळे.

म्हणून मेलेल्या जनावराचं आतलं काहीही कुत्र्याला कच्चं घालू नका, खोल पुरा, वर चुना टाका. कुत्र्याला प्राझिक्वांटेल डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने द्या, आणि त्याला हात लावल्यावर मुलांनी हात धुतल्याशिवाय ताटावर बसू नये. जबड्याखाली पाणी आलेल्या त्या दोन शेळ्यांची पापणी उद्या सकाळी बघा, पाच-सहा शेळ्यांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन दवाखान्यात जा, आणि कलेजीतल्या किड्यांची लांबी इथे कळवा.